नेव्हिलच्या पाठीची सोडत

तुम्ही तुमची स्वतःची पाठ शेवटची कधी पाहिली? आठवत नाही ना? मलाही आठवत नव्हतं. माझ्या नवऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, "पाठ मागे दिली आहे, म्हणजे तिच्याकडे बघू नये असाच हेतू असणार."

माझा नवरा नेव्हिल छपरं रंगवतो. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर पत्र्याच्या छपरांना तोटा नाही आणि उन्हाला तर नाहीच नाही. त्याचे वडील आल्फ हेही छपरंच रंगवायचे, तेसुद्धा नुसत्या चड्डीवर. सासूबाई गेल्या आणि आल्फच्या पाठीकडे बघणारं कोणी उरलं नाही. त्या पाठीवर काय वाढतंय हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून आमच्या घरात त्वचेचा विषय निघाला की नेव्हिल उठतो आणि गवत कापायला जातो. आमच्या गल्लीत आमच्याइतकं बारीक गवत कुणाचं नाही.

खरं तर इथल्या उन्हाने त्वचेचा कॅन्सर होतो, म्हणून आमच्या गावात डॉक्टरांना अंग दाखवून येणं ही काही लाजायची गोष्ट नाही. गाडी सर्व्हिसिंगला द्यावी तसे लोक वर्षातून एकदा डॉक्टरांकडे जातात, काही डाग थंड फवाऱ्याने गोठवून घेतात, काही कापून घेतात आणि नाकाला पट्टी लावून क्लबात येतात. जीवरक्षकांच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांमध्ये तर कोणाचं किती कापलं यावर मान ठरतो. अध्यक्ष क्लाइव्ह मॅकॅलिस्टरच्या नाकाचं टोक आणि डाव्या कानाची पाळी गेलेली आहे, म्हणूनच तो अध्यक्ष आहे असं माझं मत आहे. अख्ख्या गावात अंग न दाखवणारा एकच माणूस, आणि तो माझ्या वाट्याला आलेला.

डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या महिला मंडळात एक नर्स आली आणि आपली त्वचा आपणच कशी तपासायची ते तिने समजावून सांगितलं. भरपूर उजेड घ्या. डोक्याच्या भांगापासून पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत सगळं बघा. तीळ वाकडातिकडा आहे का, कडा दातेरी आहेत का, रंग एकच आहे की दोन-तीन, पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा आहे का, आणि मुख्य म्हणजे तो बदलतोय का. दिसेल तिथे खूण करा आणि शंका आली की डॉक्टरांना दाखवा. जिथे आपली नजर पोचत नाही तिथे घरच्या माणसाला बघायला सांगा.

मी सगळं मन लावून ऐकलं. (मी शाळेतही सगळं मन लावूनच ऐकायचे. मार्कांचा आणि त्याचा संबंध कधी लागला नाही.) आणि घरी येता येता मी ठरवलं की या नाताळाआधी नेव्हिलची पाठ बघायचीच.

शुक्रवारी तो कामावरून आला तेव्हा मी मागच्या व्हरांड्यात कपड्यांच्या घड्या घालायचं लांब टेबल रिकामं करून ठेवलं होतं.

"शर्ट काढ आणि पालथा हो," मी म्हटलं.

"जेवायला काय आहे?"

"कोकराच्या चॉप्स. पण आधी पालथा हो."

"मला गवत कापायचंय."

"नेव्ह, काल कापलंस. आता खाली मातीच उरली आहे. ती कापणार आहेस का?"

त्याने खरंच एकदा बाहेर अंगणाकडे बघितलं. मग बहुधा चॉप्सचा वास आला असावा, कारण तो टेबलावर चढला आणि पालथा झाला. तोंड टेबलाच्या कडेबाहेर, नजर खाली. त्याला माझे पाय तेवढे दिसत होते.

पाठ बघितली आणि मी हबकलेच. तीस वर्षं उन्हात भाजलेल्या त्या पाठीवर इतकं काय काय होतं की कुठून सुरुवात करावी समजेना. गोल, लांबट, तपकिरी, काळे, एकमेकांना चिकटलेले. एक बघून दुसऱ्याकडे गेले की पहिला कोणता ते विसरायचे. तेवढ्यात मला नर्सचं वाक्य आठवलं: दिसेल तिथे खूण करा. मी ताबडतोब पर्समधून मार्कर काढला. मी शाळेच्या कँटीनमध्ये काम करते, फ्रीजरमधल्या डब्यांवर नावं घालायचा मार्कर माझ्याजवळ नेहमी असतो. गोठवा, वितळवा, धुवा, अक्षर हलत नाही.

जो तीळ शंकेचा वाटला त्याभोवती मी गोल काढला. आणि डॉक्टरांना सांगायला सोपं जावं म्हणून गोलाशेजारी नंबर घातला. (या कल्पनेवर मी फार खूश होते. शक्य तितक्या नम्रपणे.)

"ग्लेनिस," खालून आवाज आला, "तुझ्या पायाला—"

"हलू नकोस. पाचाचा आकडा सातासारखा झाला."

"अगं, पण तुझ्या गुडघ्याच्या—"

"नेव्ह, विषय बदलू नकोस. आता उताणा हो."

पाठीवर नऊ नंबर झाले होते, पोटावर आणि छातीवर मिळून आणखी काही झाले. सहा नंबर मला बिलकूल आवडला नाही. उजव्या खांद्याच्या मागे, गडद तपकिरी, कडा ओबडधोबड, आणि बाकीच्यांपेक्षा अगदी ताजा दिसत होता. चॉप्स वाढताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी आल्फची पाठ येत होती.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन करून मंगळवारची वेळ घेतली. नेव्हिलने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "मी जाणार नाही."

"का?"

"ते बघतात आणि सापडतं. न बघितलेल्या माणसांना काही होत नाही."

"तुझ्या वडिलांचं कोणी बघितलं नव्हतं."

यावर तो उठला आणि कुंपण रंगवायला गेला. गवत खरोखरच उरलं नव्हतं.

आता रविवारचं सांगते. रविवारी क्लबाचा मुलांसाठीचा नाताळ होता. आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, त्यामुळे आमच्या सांताक्लॉजला हरणं आणि घसरगाडी परवडत नाही. तो जीवरक्षकांच्या रबरी बोटीतून समुद्रातून येतो. या वर्षी सांता होता नेव्हिल, कारण क्लबाचा लाल कोट बाकी कोणाला बसत नव्हता. अंगावरच्या नंबरांचं काय, हा विचार दोघांच्याही मनात आला होता. शुक्रवारी आणि शनिवारी साबण, लिंबू आणि भांडी घासायचा काथ्या असे सगळे प्रयोग करून झाले होते. नेव्हिल लाल झाला, नंबर काळेच राहिले. शेवटी आम्ही म्हटलं, कोट आहे ना वरून.

पण कोट जाड लोकरीचा होता आणि समुद्राला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. बोट किनाऱ्याला लागायच्या बेतात असताना मागून लाट आली, बोट वाळूच्या उंचवट्याला धडकली आणि सांता हात हलवत हलवत पाण्यात गेला. भिजलेल्या कोटाने त्याला तळाकडे ओढायला सुरुवात केली. दोन जीवरक्षकांनी उड्या मारल्या, कोट उतरवून समुद्राला दिला आणि सांता आम्हाला परत दिला.

तर असा तो पाण्यातून चालत आला: डोक्यावर गोंड्याची टोपी, हनुवटीखाली ओघळलेली दाढी, लाल अर्धी चड्डी, आणि मध्ये सगळीकडे नंबर.

मग पहिल्या रांगेतली टालिया नावाची सहा वर्षांची मुलगी गंभीरपणे म्हणाली, "सांता, हे ठिपके जोडायचे आहेत का?"

नेव्हिल बिचारा अजून खोकत होता. त्याने मान हलवली ती श्वास घेण्यासाठी, पण मुलांनी ती होकाराची धरली. शेजारीच तोंडं रंगवायचा स्टॉल होता, त्यामुळे ब्रश आणि रंग तयारच होते. मी गर्दीतून वाट काढत पोचेपर्यंत मुलं त्याच्या पाठीवर एकापासून नऊपर्यंत जाऊन आली होती.

"हे बदक आहे," टालिया म्हणाली.

"कांगारू आहे," दुसऱ्या कोणीतरी सांगितलं.

"चोच आहे की त्याला."

"ती शेपटी आहे."

नेव्हिलने माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तसं त्याने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

मुलं खाऊकडे वळली आणि म्हातारे आले. हातात सॉसेज गुंडाळलेले पाव, नाकाकानांवर पट्ट्या. ते नेव्हिलच्या मागे अर्धगोल करून उभे राहिले आणि बाजारात बैल बघावा तसे बघू लागले.

"आठ नंबर काही नाही," क्लाइव्ह म्हणाला. "माझ्याकडे असे डझनभर होते."

"तीन बघ तीन. कड बघ त्याची."

"मला सहाची काळजी वाटते," क्लाइव्हने आपल्या उरलेल्या नाकाने पाठीच्या दिशेने खूण केली. "माझ्या कानावर अगदी असाच होता. सहा कापणार बघ डॉक्टर."

"तीन कापणार."

"लावतोस?"

आमच्या गावात "लावतोस?" हा शब्द एकदा उच्चारला की पुढचं कोणाच्याच हातात राहत नाही. दोन मुंग्या भिंतीवर चढत असतील तरी इथे लोक एकीची बाजू घेतात. क्लबाची चिटणीस थेल्मा तिथेच नाताळच्या सोडतीची तिकिटं घेऊन फिरत होती. बक्षीस होतं हॅम, डुकराची अख्खी तंगडी. लोक दर वर्षीची तीच सोडत म्हणून कंटाळले होते. थेल्मा आठवड्याभरात आजोबांच्या खुर्चीपासून आजींच्या दातांपर्यंत काहीही विकून दाखवील अशी बाई आहे. तिने पाठीकडे बघितलं, तिकिटांकडे बघितलं, आणि स्टुलावर चढली.

"ऐका सगळे," ती म्हणाली. "मंगळवारी डॉक्टर नेव्हिलचा जो नंबर कापतील, त्या नंबरवाल्याला हॅम. जमलेल्या पैशांतून किनाऱ्यावर मुलांसाठी सावलीचं छत."

"थेल्मा, तो जाणार नाहीये मंगळवारी," मी हळूच सांगितलं.

"आता कसा जात नाही बघू," थेल्मा म्हणाली आणि पहिलं तिकीट फाडलं.

अर्ध्या तासात सहा नंबरचा सगळ्यात जास्त खप झाला. आमचे पाद्रीबाबा तीनवर गेले. आणि सगळ्यात शेवटी अंगाला टॉवेल गुंडाळून खुद्द नेव्हिल रांगेत उभा राहिला. थेल्माच्या कानात काहीतरी पुटपुटला, थेल्माने भुवया वर केल्या आणि तिकीट दिलं.

"कोणता नंबर घेतलास?" मी विचारलं.

"सांगणार नाही."

"सहा ना?"

"ग्लेनिस, तू माझ्याशी आज बोलू नकोस."

घरी आल्यावर मी चहा केला, त्याच्या आवडीची नारळ लावलेली केकची वडी पुढे ठेवली. त्याच वेळी पर्समधून नर्सने दिलेला कागद बाहेर आला. त्यावर एका माणसाचं चित्र होतं, पुढून आणि मागून, आणि खाली ठळक लिहिलं होतं: आढळलेल्या खुणा या चित्रावर कराव्यात. म्हणजे खुणा कागदावरच्या माणसावर करायच्या होत्या, माझ्या माणसावर नव्हे. मी तो कागद घडी घालून ब्रेडच्या डब्याखाली सरकवला.

चहा संपल्यावर नेव्हिल म्हणाला, "जाईन मी मंगळवारी. गावाने पैसे लावलेत."

मला इतकं बरं वाटलं की मी त्याला आणखी एक वडी वाढली.

"पण एक अट आहे. तूही दाखवायचंस."

"मी? मला काय झालंय? मी टोपी घालते, क्रीम लावते, स्वतःला नीट बघते."

"कधी बघितलंस?"

"बघते मी." (गाऊन घालून, बाथरूमच्या आरशात, मानेपर्यंत.) "तुला एकट्याला भीती वाटते म्हणून मला ओढू नकोस."

"वाटते भीती," तो म्हणाला. "अट म्हणजे अट."

मंगळवारी दवाखान्यात पोचलो तर बाहेरच्या खोलीत क्लाइव्ह बसलेला.

"रक्तदाब," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वर्तमानपत्र मागच्या आठवड्याचं होतं.

डॉक्टर फर्नांडो शांत स्वभावाच्या बाई आहेत. नेव्हिलने शर्ट काढला आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नंबर समजले," त्या म्हणाल्या. "पण हे बदक कोणी काढलं?"

"कांगारू," नेव्हिल म्हणाला.

मग त्यांनी भिंग घेतलं आणि एकेक नंबर बघायला सुरुवात केली. मला फक्त घड्याळ ऐकू येत होतं. एक, काही नाही. दोन, काही नाही. तीन आणि आठ त्यांनी थंडगार फवारा मारून गोठवून टाकले. शेवटी राहिलेल्या सहापाशी त्या थांबल्या. भिंगातून बघितलं, भिंग काढलं, पुन्हा बघितलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. नेव्हिलची पाठ दगडासारखी झाली होती. डॉक्टरांनी कापसावर स्पिरिट घेतलं, सहा नंबर पुसला आणि कापूस मला दाखवला. कापूस तपकिरी.

"हा छपराचा रंग आहे," त्या म्हणाल्या. "चांगल्या प्रतीचा असावा."

तीस वर्षं मी या माणसाचे रंगाने माखलेले कपडे धुते आहे.

"म्हणजे कापायचं काही नाही?" नेव्हिलने विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"काही नाही. वर्षाने परत या, बदक न घेता."

तो उठून बसला आणि शर्टाची बटणं लावू लागला. पहिलं बटण तिसऱ्या काजात, दुसरं पाचव्यात. मी पुढे होऊन ती नीट लावायला लागले तेव्हा माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्यामुळे तीही चुकली.

"आता हिचं बघा," नेव्हिल म्हणाला. "डाव्या गुडघ्याच्या मागे. मार्चपासून आहे, वाढतोय. तेव्हा मसुराएवढा होता."

"तो ओव्हनचा चटका आहे," मी म्हटलं. "कँटीनमध्ये लागतो कधी कधी."

"गुडघ्याच्या मागे?" डॉक्टरांनी विचारलं. "ओव्हनकडे पाठ करून उभ्या राहता?"

मी टेबलावर पालथी झाले. आता माझं तोंड कडेबाहेर होतं आणि मला नेव्हिलचे बूट तेवढे दिसत होते. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला आणि भिंग लावलं. बूट एकदा पुढे आले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"हा आजच काढू," डॉक्टर म्हणाल्या.

बधिर करायचं इंजेक्शन झालं, टाके पडले. लंगडत बाहेर आले तर क्लाइव्ह उठून उभा राहिला.

"कोणता कापला?"

"नेव्हिलचा एकही नाही," मी म्हटलं. "माझा कापला."

क्लाइव्हने वर्तमानपत्राची घडी घातली. "तू तर यादीतच नव्हतीस," तो म्हणाला.

पुढचा आठवडा कसा गेला ते मी सांगणार नाही. नेव्हिलने गवत कापलं नाही एवढंच सांगते. तो माझ्याजवळ बसून राहिला. एका दुपारी मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. भीती वाटत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"टेबलावर दोनदा बोललो. एकदा तू म्हणालीस हलू नकोस, एकदा म्हणालीस विषय बदलू नकोस. मला वाटलं, हिला दवाखान्यात न्यायचं तर मलाच जावं लागणार."

मी इतके दिवस समजत होते की मी त्याला ओढून नेते आहे.

रिपोर्ट नाताळच्या आदल्या दिवशी आला. डॉक्टर म्हणाल्या, कॅन्सरच होता, पण अगदी वरच्या थरात, सुरुवातीचा, आणि सगळा निघाला. आणखी वर्षभर तो ओव्हनचा चटका राहिला असता तर त्यांना मला वेगळं काही सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी क्लबात सोडतीचा निकाल होता. तीन आणि आठवाले म्हणत होते, गोठवणं म्हणजे कापणंच. पाद्रीबाबाही जरा जोरात बोलले. समितीने अर्धा तास वाद घातला. क्लाइव्हने टेबलावर हात आपटला आणि जाहीर केलं, "गोठवणं म्हणजे कापणं नाही. माझ्या नाकाला विचारा. हॅम क्लबाकडे जमा."

"थांबा," थेल्मा म्हणाली. "एक तिकीट नंबराचं नाही. नेव्हिल म्हणाला होता, 'माझं बायकोवर लाव.' मला वाटलं रागाने बोलतोय, म्हणून मी पैसे घेतले."

सगळे माझ्याकडे वळले. मग माझ्या पायाच्या पट्टीकडे. मग क्लाइव्हने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्या नेव्हिलने घेतल्या, हॅम खांद्यावर टाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाताळच्या दिवशी, मी लंगडत स्वयंपाकघरात गेले तेव्हा हॅमच्या तंगडीवर, बरोबर गुडघ्याच्या मागे, माझ्याच मार्करने एक गोल काढलेला होता, आणि नेव्हिलने तेवढाच तुकडा कापून मला नाश्त्याला वाढला.